वर येण्याची विद्या



विजयदुर्गापासून पश्चिमेस शंभरएक किलोमीटर गेले की भर समुद्रात पाण्याखाली एक विस्तीर्ण पठार लागते. कान्होजी आंग्र्यांच्या घराण्यावरून त्याला ‘आंग्रिया बँक’ म्हणतात. वर ना बेट, ना खडक. चोहीकडे नुसते पाणी. खाली मात्र प्रवाळांचे नगरच वसलेले आहे. त्याचा माथाच मुळी सुमारे २० मीटर खोल. आणि पाठीवर हवेचे नळकांडे बांधून बुडी घेणाऱ्या नवशिक्याला, रूढ नियमाप्रमाणे, १८ मीटरपर्यंतच मुभा असते. मालवणास किनाऱ्यालगत शिक्षकाच्या आधाराने नवखा माणूसही प्रवाळ पाहून येतो. येथे अनुभवी पाणबुड्याच हवा. पण हा अनुभव कशाचा? इतिहास सांगतो, तो खाली जाण्याचा नव्हे, वर येण्याचा.

ग्रीसमधील कालिम्नोस बेटावरचे लोक पिढ्यान्‌पिढ्या एका दमाच्या बुडीने समुद्रातील स्पंज काढीत. १८६०च्या दशकात त्यांच्याकडे शिरस्त्राणाचा पोशाख आला. वरून पंपाने हवा मिळू लागली, माणूस तळाशी दीर्घकाळ राहू लागला. घरोघर पैसा आला, आणि त्याच्या पाठोपाठ पांगळेपणही आले. धडधाकट तरुण पाण्याबाहेर येत आणि घटकाभरात त्यांचे पाय लुळे पडत. कित्येक दगावले. समुद्राने जिवंत सोडलेला माणूस किनाऱ्यावर का मरावा, हे कोणास कळेना.

फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेर यांनी १८७८ मध्ये त्याचे कारण ग्रंथरूपाने मांडले. दर १० मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाने वाढतो, आणि श्वासातील नत्रवायू त्या दाबाने रक्तात विरघळतो. माणूस झटकन वर आला की सोड्याची बाटली उघडावी तसे त्याचे बुडबुडे होतात. कारण सापडले; पण वर यावे किती सावकाश, हा प्रश्न राहिलाच.

तो सोडविला जॉन स्कॉट हाल्डेन यांनी. १० मीटरवरून, म्हणजे दुप्पट दाबातून, एकदम वर आलेल्यास सहसा अपाय होत नाही, हे त्यांनी हेरले. मग दाब निम्मा होईपर्यंत भरभर यावे, तेथे थांबावे, मग टप्प्याटप्प्याने चढावे, असा त्यांचा हिशेब. बंद कोठीत शेळ्यांवर तो पारखून १९०८ मध्ये त्यांनी कोष्टके प्रसिद्ध केली. पुढे ती पुरेशी सावध नाहीत असे आढळून दुरुस्त झाली. परंतु थांबत थांबत येण्याचे तत्त्व टिकले. १९०६ मध्ये स्कॉटलंडच्या समुद्रात या चाचण्या चालल्या असता त्यांच्या तेरा वर्षांच्या मुलानेही बुडी घेतली. पोशाख सैल असल्याने आत पाणी शिरले, तरी पोर डगमगले नाही. तेच पुढे १९५७ मध्ये भारतात स्थायिक झालेले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे निवर्तलेले जे. बी. एस. हाल्डेन!

१९४३ मध्ये कुस्तो आणि गान्यां यांनी मागणीनुसार हवा सोडणारी झडप सिद्ध केली. पंप सुटला, नळी सुटली. माणूस माशासारखा मोकळा झाला. पण वरच्या माणसाचा पहाराही त्याबरोबर सुटला. आता घड्याळ, खोली आणि हवा यांचा हिशेब ज्याचा त्याने ठेवायचा. आणि अधिक खोलीवर तर नत्रवायूची धुंदीच चढते. १९४७ मध्ये कुस्तोंचे कसलेले सहकारी मोरिस फार्ग सुमारे १२० मीटर खोल गेले. त्यांना वर ओढून घेतले तेव्हा प्राण उरला नव्हता. कौशल्य त्यांच्यापाशी उणे नव्हते. त्या खोलीवर साध्या हवेने माणसाची शुद्धच हरपते.

आता आंग्रियाकडे पुन्हा पाहा. तेथे किनारा नाही, आधाराला खडक नाही, प्रवाह माणसाला होडीपासून दूर नेतो. बुडबुड्यांनी पछाडलेल्यास पुन्हा दाबाखाली ठेवणारी कोठी लागते. तीही मैलोगणती दूर. तेथे समोर प्रवाळांची शोभा पसरली असता, नळकांड्यात हवा शिल्लक असता, जो काटा पाहून पाठ फिरवतो आणि पृष्ठभाग डोळ्यांसमोर असूनही मध्येच थांबून राहतो, तो अनुभवी.

ही समज कालिम्नोसच्या पांगळ्यांनी, हाल्डेनच्या शेळ्यांनी आणि फार्गसारख्यांनी आपली किंमत देऊन आपल्या हाती ठेवली आहे. समुद्रात उतरणाऱ्याने ती फुकट मिळाली असे समजू नये.