जुन्या ट्रकमधील स्टार्टर मोटर व तिची तारजोडणी

स्टार्टर मोटर ही अंतर्ज्वलन इंजिनाला सुरुवातीची गती देणारी विद्युत मोटर आहे. महाराष्ट्रातील गॅरेजांमध्ये तिला 'सेल्फ' असे म्हणतात. जुन्या ट्रकमध्ये ही मोटर बदलताना तिच्याकडे जाणाऱ्या केबल, रिले आणि अर्थ-जोडणीचाही विचार करावा लागतो. नव्या रचनेची मोटर जुन्या तारजोडणीवर जशीच्या तशी बसवल्यास ती नीट चालत नाही; काही वेळा तिचे नुकसानही होते. या लेखात अमेरिकेतील फोर्ड एफ-मालिकेच्या जुन्या पेट्रोल ट्रकच्या आधारे ही प्रक्रिया स्पष्ट केली आहे.

पार्श्वभूमी

आरंभीच्या मोटारगाड्या हँडल फिरवून सुरू कराव्या लागत. इंजिनाने उलटा झटका दिल्यास हँडल मारणाऱ्याचा हात मोडण्याचा धोका असे. अमेरिकन अभियंता चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेली विद्युत स्टार्टर व्यवस्था कॅडिलॅक कंपनीने आपल्या १९१२ च्या गाड्यांमध्ये बसवली. त्यानंतर हँडलचा वापर हळूहळू मागे पडला.

कार्यपद्धती

मोटरच्या दांड्यावरील पिनियन हे लहान दातेरी चाक पुढे सरकून फ्लायव्हीलच्या परिघावरील दातेरी कड्यात अडकते व इंजिन फिरवते. इंजिन सुरू झाल्यावर पिनियन मागे येते. पिनियन अडकलेले असताना इंजिनाचा वेग वाढला, तर एकाच दिशेने जोर देणारा क्लच मोटरचे रक्षण करतो.

१२ व्होल्टच्या मोठ्या पेट्रोल इंजिनाची मोटर इंजिन फिरवताना साधारणतः १५० ते २०० अँपिअर प्रवाह घेते. त्यामुळे जोडणीतील अल्प रोधही महत्त्वाचा ठरतो. उदाहरणार्थ, १५० अँपिअर प्रवाहाच्या मार्गात ०.०१ ओहम रोध असल्यास १.५ व्होल्ट दाब वाटेतच खर्च होतो आणि २२५ वॅट शक्तीची उष्णता बनते. गंजलेला बोल्ट, सैल थिंबल किंवा आतून कळंकलेली केबल एवढा रोध सहज निर्माण करू शकते. मोटर मंद फिरण्याचे कारण म्हणूनच अनेकदा मोटरच्या बाहेर सापडते.

जुनी व नवी रचना

फोर्डच्या जुन्या ट्रकमध्ये स्टार्टर रिले बॅटरीजवळ, मडगार्डच्या आतील बाजूस असतो. चावी फिरवल्यावर रिले जोडला जातो आणि एकाच जाड केबलमधून मोटरला प्रवाह मिळतो. पिनियन पुढे ढकलण्याचे काम मोटरमधील हलता चुंबकीय ध्रुव करतो. चावी सोडलेली असताना ही केबल विद्युतदाबाखाली नसते.

१९९० च्या दशकाच्या आरंभी स्थायी चुंबक व वेग घटवणारी दातेरी चक्रे असलेल्या लहान मोटरी वापरात आल्या. त्या वजनाने हलक्या असून तुलनेने कमी प्रवाह घेतात. पिनियन ढकलणारा व मोटरचा मुख्य प्रवाह जोडणारा सोलेनॉइड मोटरवरच बसवलेला असतो. त्यावर मुख्य प्रवाहासाठी एक मोठा आणि नियंत्रणासाठी एक लहान अग्र असतो.

तारजोडणीतील बदल

नवी मोटर बसवताना जाड केबल रिलेच्या बॅटरीकडील अग्रापासून सोलेनॉइडच्या मोठ्या अग्रापर्यंत नेतात. रिलेच्या दुसऱ्या, म्हणजे चावीने चालू होणाऱ्या मोठ्या अग्रापासून स्वतंत्र नियंत्रक तार सोलेनॉइडच्या लहान अग्राला जोडतात.

जुनी एकच केबल कायम ठेवून सोलेनॉइडचे दोन्ही अग्र आखूड तारेने एकमेकांना जोडण्याची पद्धतही आढळते. मात्र तिच्यात दोष आहे. स्थायी चुंबकाची मोटर प्रवाह तुटल्यावरही फिरत असेपर्यंत जनित्राप्रमाणे दाब निर्माण करते. आखूड तारेमुळे हा दाब सोलेनॉइडला पोहोचतो आणि चावी सोडल्यानंतरही पिनियन काही क्षण कड्यात अडकून राहते. त्यामुळे क्लच व दाते झिजतात.

योग्य जोडणीत जाड केबल कायम विद्युतदाबाखाली राहते आणि सामान्यतः तिला फ्यूज नसतो. तिचे आवरण सायलेन्सरच्या नळीला लागून वितळल्यास किंवा चासीवर घासून फाटल्यास थेट लघुपरिपथ होऊन आग लागू शकते. म्हणून केबल उष्ण व हलत्या भागांपासून दूर, आवरणनळीतून आणि जागोजागी क्लिपने बांधून नेणे आवश्यक असते.

बदलण्याची प्रक्रिया

* ट्रक सपाट जागी उभा करून हँडब्रेक लावतात, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवतात व चाकांना ठोकळे लावतात. खाली काम करायचे असल्यास ट्रक केवळ जॅकवर न ठेवता भक्कम स्टँडवर टेकवतात.
* प्रथम बॅटरीचे ऋण टोक सोडवतात. धन टोक आधी सोडवल्यास पाना चासीला लागून लघुपरिपथ होण्याचा धोका असतो.
* तारांवर खुणा करून मोटर उतरवतात. इंजिन हाताने फिरवून दातेरी कड्याचे सर्व दाते तपासतात.
* मोटर बसण्याची जागा घासून स्वच्छ करतात, कारण परतीचा प्रवाह मोटरच्या कवचातून इंजिनात व तेथून बॅटरीकडे जातो. इंजिन व बॅटरीमधील अर्थ केबलही तपासतात.
* मोटर व नव्या तारा बसवल्यावर बॅटरीचे ऋण टोक सर्वांत शेवटी जोडतात.

स्वयंचलित गिअर असलेल्या ट्रकमध्ये गिअर टाकलेला असताना स्टार्टर चालू होऊ न देणारा सुरक्षा स्विच असतो. नव्या जोडणीत तो वगळल्यास चावी फिरवताच ट्रक पुढे सरकू शकतो.

चाचणी

इंजिन सुरू होऊ नये म्हणून प्रज्वलन बंद ठेवून काही सेकंद मोटर फिरवतात व व्होल्टमापकाने दाब मोजतात. बॅटरीच्या धन टोकापासून मोटरच्या मोठ्या अग्रापर्यंतचा दाबक्षय सुमारे ०.५ व्होल्टपेक्षा आणि मोटरच्या कवचापासून ऋण टोकापर्यंतचा सुमारे ०.२ व्होल्टपेक्षा कमी असावा. मोटर फिरत असताना बॅटरीचा दाब ९.६ व्होल्टच्या खाली गेल्यास बॅटरीची तपासणी करतात. मोटर सलग १० ते १५ सेकंदांपेक्षा अधिक चालवत नाहीत. दोन प्रयत्नांमध्ये ती थंड होण्यासाठी वेळ देतात.

हीच चाचणी जुनी मोटर उतरवण्यापूर्वी केल्यास दोष मोटरचा आहे की तारजोडणीचा, हे समजते आणि मोटर विनाकारण बदलण्याचा खर्च टळू शकतो.