पट्ट्यांवर अंगठा कधी आला?

पेटी किंवा कीबोर्ड शिकायला बसलेल्या मुलाला पहिल्या काही दिवसांतच एक नियम सांगितला जातो. सा, रे, ग हे स्वर अनुक्रमे अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाने वाजवायचे. मग अंगठा हाताखालून सरकवून म वर आणायचा आणि प, ध, नी व वरचा सा उरलेल्या चार बोटांनी घ्यायचा. पाश्चात्त्य पद्धतीत अंगठ्याला १, तर्जनीला २, मधल्या बोटाला ३, अनामिकेला ४ आणि करंगळीला ५ असे आकडे आहेत. त्या भाषेत हा नियम १-२-३-१-२-३-४-५ असा लिहितात. "असेच का?" असे एखाद्या मुलाने विचारले, तर बहुतेक वेळा उत्तर मिळते, "अशीच पद्धत आहे."

पद्धत आहे हे खरे. पण ती किती जुनी आहे? सोळाव्या शतकातला एखादा नामांकित युरोपीय वादक आज एखाद्या संगीतवर्गात येऊन बसला, तर त्याची बोटे पाहून शिक्षक त्याला पहिल्याच ओळीला थांबवतील. या बदलाची कारणे शोधू लागलो की संगीताबरोबरच ध्वनिशास्त्र, यंत्ररचना आणि शरीररचना या तिन्ही विषयांच्या वर्गांतून फिरून यावे लागते.

चांगली बोटे, वाईट बोटे

ऑर्गन आणि हार्पसिकॉर्ड ही पियानोपूर्वीची प्रमुख पट्टीवाद्ये. ती कशी वाजवावीत यावर सोळाव्या शतकापासून पुस्तके मिळतात. तोमास दे सांता मारिया या स्पॅनिश धर्मगुरूने १५६५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हाताची ठेवण आणि बोटांचा क्रम यांची सविस्तर चर्चा आहे. १५९३ साली व्हेनिसमध्ये जिरोलामो दिरुता या ऑर्गनवादकाचे पुस्तक निघाले. त्याने स्वरांचे आणि बोटांचेही 'चांगले' व 'वाईट' असे दोन गट पाडले. मात्रेच्या जोरावर येणारा स्वर चांगला, त्यामागून येणारा वाईट. चांगला स्वर चांगल्या बोटाने वाजवायचा, वाईट स्वर वाईट बोटाने.

दिरुताच्या मते तर्जनी आणि अनामिका ही चांगली बोटे, तर मधले बोट वाईट. उजव्या हाताने चढत जाताना ३ आणि ४ ही बोटे एकमेकांवरून चालल्यासारखी टाकायची. त्याच काळात इंग्लंडमधले वादकही ३-४-३-४ असेच वाजवीत. पण तेथे जोरावरचा स्वर मधल्या बोटाकडे असे. म्हणजे इटलीत जे बोट वाईट, तेच इंग्लंडमध्ये चांगले! हात दोन्ही देशांतल्या माणसांचे सारखेच होते. तेव्हा 'चांगले बोट' हा हाताचा गुण नसून त्या त्या परंपरेचा संकेत होता, हे उघड आहे.

एका बाबतीत मात्र बरेचसे एकमत होते. उजव्या हाताने सरळ आरोह-अवरोह करताना अंगठ्याला फारसे काम नव्हते. दूरचे दोन स्वर एकदम धरायचे असले की त्याला बोलवायचे, एरवी तो पट्ट्यांच्या बाहेर लोंबत राही. या बेदखलीची एक खूण पुढे बराच काळ टिकली. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी पुस्तकांत अंगठ्याला फुलीसारखी खूण असे आणि आकड्यांची मोजणी तर्जनीपासून सुरू होई.

हे वादक अनाडी नव्हते. त्यांच्या वाद्यांच्या पट्ट्या आजच्यापेक्षा आखूड असत आणि थोड्याच दाबाने खाली जात. अशा पट्ट्यांवर लांब बोट शेजारच्या बोटावरून टाकणे सोपे असते. शिवाय दोन-दोन स्वरांच्या जोड्यांतून येणारी हलकी झोकदार चाल त्या संगीताला हवीच होती. त्यांची पद्धत त्यांच्या वाद्याला आणि संगीताला अगदी योग्य होती.

काळ्या पट्ट्यांतला लांडगा

मग बदल का झाला? एक मोठे कारण वाद्य सुरात लावण्याच्या गणितात आहे.

सप्तकाचे अंतर १२०० सेंट मानले, तर सा ते प हे शुद्ध अंतर ७०२ सेंट आणि सा ते शुद्ध ग हे ३८६ सेंट भरते. सोळाव्या-सतराव्या शतकांत गंधार गोड लागावा म्हणून सा-प हे अंतर जरा आखडून सुमारे ६९६.६ सेंट करण्याची पद्धत रूढ होती. बारा पट्ट्या लावायच्या म्हणजे अशी अंतरे एकापुढे एक घेत जायची. अकरा अंतरांचे होतात ७६६२ सेंट. बाराव्या अंतराने बरोबर सात सप्तके, म्हणजे ८४०० सेंट पुरे व्हायला हवेत. उरले किती? ७३८. शुद्ध अंतरापेक्षा तब्बल ३६ सेंट जास्त! हे शेवटचे अंतर इतके बेसूर लागे की त्याला 'लांडगा' असेच नाव पडले. हा लांडगा बहुधा दोन काळ्या पट्ट्यांच्या दरम्यान ठेवून दिलेला असे, आणि रचनाकार त्या रानात सहसा शिरत नसत.

परिणाम असा, की संगीत मुख्यतः पांढऱ्या पट्ट्यांवर आणि दोन-तीन काळ्या पट्ट्यांवर चाले. तेवढ्या सपाट वाटेवर लांब बोटांची चाल पुरेशी होती.

सतराव्या शतकाच्या अखेरीस सुरात लावण्याच्या नव्या पद्धती आल्या. त्यांत बेसूरपणा एका जागी न साठवता बाराही अंतरांत कमी-अधिक वाटून दिला जाई. आता कोणत्याही पट्टीला सा मानून वाजवता येऊ लागले. योहान सेबास्टियन बाख याने १७२२ साली चोवीसही स्वरश्रेणींतल्या रचनांचा जो प्रसिद्ध संग्रह सिद्ध केला, तो या नव्या मोकळिकीचा पुरावाच आहे.

बाप, मुलगा आणि अंगठा

या बाखने १७२० साली आपल्या नऊ वर्षांच्या मोठ्या मुलासाठी एक वही घातली होती. तिच्या सुरुवातीलाच बोटे कशी टाकावीत हे दाखवणारा छोटा पाठ आहे. त्यात उजव्या हाताला जुनी ३-४-३-४ हीच चाल आहे, पण डाव्या हाताच्या चालीत अंगठा नेमाने येतो. जुने आणि नवे एकाच पानावर शेजारी शेजारी नांदत आहेत.

पुढची हकिकत त्याचा दुसरा मुलगा कार्ल फिलिप एमान्युएल बाख याने लिहून ठेवली. बर्लिनला १७५३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात पहिले प्रकरणच बोटांवर आहे. तो सांगतो, की वडिलांनी तरुणपणी ऐकलेले मोठमोठे वादक दूरचे स्वर धरण्याखेरीज अंगठा वापरत नसत. पुढे संगीताची रुची बदलली, अवघड स्वरश्रेणी वापरात आल्या, आणि वडिलांना बोटांचा, विशेषतः अंगठ्याचा, वापर नव्याने बसवावा लागला. मुलाने त्याला शास्त्राचे रूप दिले. अंगठा हे त्याच्या मांडणीतले मुख्य बोट झाले. तरीही साध्या पांढऱ्या पट्ट्यांच्या श्रेणीसाठी त्याने एकाहून अधिक क्रम दिले आणि जुनी ३-४-३-४ चालही त्यांत राहू दिली.

त्याचे एक निरीक्षण मार्मिक आहे. ज्या श्रेणीत काळ्या पट्ट्या नाहीत किंवा थोड्या आहेत, तेथे बोटांचे अनेक क्रम चालतात. काळ्या पट्ट्या वाढल्या की पर्याय कमी होत एकच सोयीचा क्रम उरतो. याचे कारण भूमितीत आहे. काळ्या पट्ट्या उंच आणि आत सरकलेल्या असतात, त्यांच्यावर लांब बोटे बसतात. आखूड अंगठा पांढऱ्या पट्टीवर राहिला, की उंच झालेल्या हाताखालून तो सहज सरकतो.

आता सुरुवातीचा नियम पाहा. स्वर सात, बोटे पाच. म्हणून सप्तकाचे ३ आणि ४ असे दोन गट पाडायचे. प्रत्येक गटाची सुरुवात अंगठ्याने, आणि अंगठा काळ्या पट्टीवर टाकायचा नाही. सगळा नियम एवढाच आहे, बाकीचे त्यातून निघते. 'काळी एक' ही पट्टी धरून बिलावल वाजवून पाहा. सा काळ्या पट्टीवर, म्हणून तर्जनीने सुरुवात. पांढऱ्या पट्ट्या दोनच, ग आणि नी. अंगठा तेथेच येणार. क्रम झाला २-३-१-२-३-४-१-२. हा क्रम पाठ करायची गरजच उरत नाही.

कॉर्ड म्हणजे तीन-चार स्वर एकदम. तेथेही हेच तर्कशास्त्र चालते. सा-ग-प साठी १-३-५. पण ग-प-सा असे घेतले की वरचे अंतर मोठे होते, म्हणून तेथे १-२-५. प-सा-ग मध्ये मोठे अंतर खाली जाते, म्हणून पुन्हा १-३-५. जेथे अंतर मोठे, तेथे बोटांत फट जास्त ठेवायची.

सारखी करू पाहिलेली बोटे

दुसरा मोठा बदल वाद्याच्या यंत्रणेत झाला. हार्पसिकॉर्डमध्ये तार छेडली जाते, त्यामुळे पट्टी कशीही दाबली तरी आवाज जवळजवळ तेवढाच. १७०० च्या सुमारास फ्लोरेन्समध्ये क्रिस्तोफोरीने बनवलेल्या पियानोत तारेवर हातोडी आदळते. हातोडीचा वेग जास्त, तर आवाज मोठा. आता दुबळे बोट कानाला कळू लागले. त्यातून एकोणिसाव्या शतकात एक ध्यास निर्माण झाला, की पाचही बोटे एकसारख्या ताकदीची करायची.

योहान बर्नहार्ड लोजिए याने १८१४ साली हात आणि बोटे एका ठिकाणी जखडून ठेवणाऱ्या साधनाचे पेटंट घेतले. हानाँचे व्यायामाचे प्रसिद्ध पुस्तक १८७३ सालचे आहे. रॉबर्ट शुमान या जर्मन रचनाकाराचा उजवा हात १८३० नंतरच्या काही वर्षांत असा बिघडला, की वादक होण्याचा विचार त्याला सोडावा लागला. त्यानेही बोटासाठी एक साधन वापरले होते. बिघाडाचे नेमके कारण तेच होते की नाही, यावर तज्ज्ञांचे एकमत नाही.

बोटे सारखी होऊ शकतात का? वर्गात एक प्रयोग करून पाहा. मधले बोट दुमडून तळहाताखाली घ्या आणि उरलेल्या चार बोटांची टोके टेबलावर टेकवा. आता एकेक बोट उचला. अंगठा, तर्जनी, करंगळी उचलतील. अनामिका मात्र चिकटवल्यासारखी राहील. कारण असे, की चार बोटे उचलणारा एक सामाईक स्नायू कोपर ते मनगट या भागात असतो. त्याच्या दोऱ्या, म्हणजे कंडरा, पंजाच्या मागच्या बाजूला एकमेकींना आडव्या बंधांनी जोडलेल्या असतात. तर्जनी आणि करंगळीला उचलणारा आणखी एक स्वतंत्र स्नायू आहे. अनामिकेला तो नाही. अंगठ्याचे स्नायू तर वेगळेच आणि त्याचा बुडाचा सांधा खोगिराच्या आकाराचा, म्हणूनच तो तळहाताखाली फिरू शकतो. सरावाने अनामिकेवरचा ताबा सुधारतो, पण शरीररचना बदलत नाही.

शोपँने हे ओळखले होते. १८४९ साली त्याचा मृत्यू झाला तेव्हा त्याचे वादनपद्धतीवरचे पुस्तक अपुरेच राहिले, पण त्याची टिपणे उपलब्ध आहेत. प्रत्येक बोटाची घडण वेगळी, तेव्हा ती सारखी करण्याऐवजी प्रत्येकाचा गुण वापरावा, असा त्याचा विचार होता. आपल्याकडे हाताची पाची बोटे सारखी नसतात असे म्हणतात, ते त्याने शब्दशः घेतले! विद्यार्थ्याचा हात तो पांढरी तीन, काळी तीन, काळी चार, काळी पाच आणि पांढरी सात या पट्ट्यांवर ठेवी. लांब बोटे काळ्यांवर, आखूड बोटे पांढऱ्यांवर. पाचही काळ्या पट्ट्या असलेली 'पांढरी सात'ची श्रेणी तो आधी शिकवी आणि 'पांढरी एक'ची सर्वांत शेवटी. दिसायला सोपी असलेली ही श्रेणी हाताला सर्वांत अवघड, हे त्याचे कारण.

पेटीपुढे बसताना

आपल्या पेटीचा पट्ट्यांचा साचा युरोपातूनच आला, पण तिची यंत्रणा पियानोची नाही. आवाज लहान-मोठा होतो तो भात्याच्या हवेने, बोटाच्या जोराने नव्हे. शिवाय एक हात भात्यावर गुंतलेला, आणि गायकाच्या गळ्याप्रमाणे सा आज काळी एकला, तर उद्या पांढरी चारला. म्हणून पियानोसाठी रचलेले ताकदीचे व्यायाम पेटीवर तसेच्या तसे लादण्यात फारसा अर्थ नाही. अंगठा पांढऱ्यावर ठेवण्याचे तत्त्व मात्र येथेही उपयोगी पडते, कारण पट्ट्यांची भूमिती तीच आहे.

फ्रांस्वा कूपरँ या फ्रेंच वादकाने १७१६ साली लिहिले आहे, की सुरुवातीच्या दिवसांत मुलांनी शिक्षकाच्या गैरहजेरीत वाजवू नये म्हणून तो वाद्याची किल्लीच बरोबर घेऊन जाई. चुकीची सवय लागेल ही त्याची भीती खोटी नव्हती. पण त्यानंतरच्या तीनशे वर्षांत 'बरोबर' सवयच बदलली आणि बदलत राहिली. ज्या मुलाला नुसता क्रम दिला, त्याला सा बदलला की नवा क्रम मागायला पुन्हा आपल्याकडे यावे लागते. ज्याला 'सात स्वर, पाच बोटे आणि आखूड अंगठा' एवढे समजले, तो बारा पट्ट्यांचे बारा क्रम स्वतः शोधू शकतो. कधी त्याच्या लहान हाताला आपल्या क्रमापेक्षा वेगळाच क्रम सोयीचा पडेल. अशा वेळी "चूक" म्हणण्याआधी त्याला कारण विचारावे, आणि ते पटले तर तो क्रम चालू द्यावा.