कोरड्या मुलुखातील दर्यावर्दी

इसवी सन १५७० च्या अखेरीस अहमदनगरचा मुर्तजा निजामशाह प्रचंड सैन्यानिशी चौल बंदरावर चालून गेला. तेथील पोर्तुगीजांचे ठाणे समूळ उखडून टाकावे, असा त्याचा मनसुबा होता. कित्येक महिने तोफांचा भडिमार चालला. परंतु वेढ्यातील शिबंदीला समुद्रमार्गे माणसे, दारूगोळा आणि दाणागोटा मिळतच राहिला. अखेर १५७१ साली निजामशाहास तह करून हात हलवीत परतावे लागले. जमिनीच्या बाजूने वेढा पक्का होता, पाण्याची बाजू मात्र मोकळी राहिली. नगरच्या मुलुखात चांदबिबीची कथा घरोघर ठाऊक आहे. चौलची ही हकीकत सहसा कोणी सांगत नाही. पराभव विसरणे हा मनुष्यस्वभावच आहे, पण या पराभवाचे कारणही आपण विसरलो.

त्यानंतर बरोबर चारशे वर्षांनी, १९७१ च्या डिसेंबरात, पाण्याची हीच बाजू बंद करण्याचे काम भारतीय आरमाराने पूर्व बंगालच्या किनाऱ्यावर केले. त्या कामगिरीतील एका तुकडीचे प्रमुख होते कॅप्टन मनोहर प्रल्हाद आवटी. त्यांचे विंचुर्णी हे गाव फलटणनजीकचे, म्हणजे नगरसारख्याच अवर्षणाच्या पट्ट्यातले. तेथून समुद्र दिसणे तर दूरच, पावसाचीही वाट पाहावी लागते.

आवटींचा जन्म १९२७ चा. त्याच साली मुंबईच्या बंदरात ‘डफरिन’ या जहाजावर हिंदी मुलांना नौकानयनाचे शिक्षण देण्यास आरंभ झाला. पुढे आवटी त्याच जहाजावर शिकले, १९४५ साली आरमारात दाखल झाले आणि अधिक शिक्षणासाठी इंग्लंडला गेले.

युद्धाच्या वेळी ते ‘कामोर्टा’ या युद्धनौकेवर होते. निकोबारांतील एका बेटाचे नाव धारण करणारी ही रशियन बनावटीची लहानशी नौका पाणबुड्यांचा माग काढण्यासाठी बांधलेली होती. ‘विक्रांत’ची विमाने कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले करीत असता, या लहान नौकांनी तिची राखण करावयाची आणि शत्रूची जहाजे अडवावयाची, असा बेत होता. बंदरांच्या तोंडाशी शत्रूने सुरुंग पेरलेले होते. पाण्यावरील शत्रू निदान दिसतो. पाण्याखालचा दिसत नाही. अशा पाण्यात आवटींनी आपली तुकडी नेली. समुद्राची वाट बंद झाल्याने शत्रूच्या सैन्यास ना कुमक मिळाली, ना निसटता आले. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली. आवटींना वीरचक्र मिळाले.

पुढे खडकवासल्याच्या प्रबोधिनीचे प्रमुखपद आणि पश्चिम विभागाचे सरसेनापतिपद भूषवून, व्हाइस ॲडमिरलच्या हुद्द्यावरून ते १९८३ साली निवृत्त झाले व विंचुर्णीस राहू लागले. मुंबईतील सागरी इतिहासाची संस्था त्यांनी त्यापूर्वीच, १९७८ मध्ये, उभी केली होती. तथापि, त्यांच्या मनातील खरी गोष्ट पुढेच घडावयाची होती. एका भारतीयाने, भारतात बांधलेल्या शिडाच्या नौकेतून, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, ही त्यांची कल्पना. आयती परदेशी नौका विकत घेणे सोपे होते. ते त्यांना मान्य नव्हते. २००६ मध्ये आरमाराने ही कल्पना उचलली, तेव्हा आवटी एकोणऐंशीच्या घरात होते! कमांडर दिलीप दोंदे आपण होऊन पुढे आले. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांनी छप्पन्न फूट लांबीची ‘म्हादेई’ बांधली. दोंदे स्वतः तिच्या बांधणीत राबले. १९ ऑगस्ट २००९ रोजी त्यांनी मुंबई सोडली आणि चार ठिकाणी थांबून, हॉर्नच्या भूशिराला वळसा घालून, १९ मे २०१० रोजी ते परतले. अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये तीच नौका कोठेही न थांबता फिरवून आणली.

त्यानंतर ‘तारिणी’ बांधली गेली. सहा महिला अधिकारी तिच्यावरून २५४ दिवसांची प्रदक्षिणा करून २१ मे २०१८ रोजी गोव्यास परतल्या. हे ऐकण्यास आवटी हयात होते. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.