वोडलें घर आणि कुमसाराची जाळी

देव निवाडा करतो, हे मालवण तालुक्यातल्या कट्टा गावाला कुणी शिकवायला नको. या पट्ट्यात ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणं घालतात, जमलेले लोक ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साथ देतात, आणि माणसांच्या बैठकीत न सुटलेली गोष्ट कौलावर सोडतात. पाकळी उजवी पडली की डावी, यावर घराघरांतले निर्णय ठरत आले आहेत. देवापुढे खोटं बोललेलं पचत नाही, ही धास्ती इथे कुठल्या एका धर्माची नाही.

मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी या भागात कॅथलिक कुटुंबंही पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. त्यांच्यातली बरीचशी मूळची गोव्याची. ती एकाच कारणानं आणि एकाच वेळी आली नाहीत. दुष्काळ, रोगांच्या साथी, पोर्तुगीजांचे कर, गोव्यातल्या बारदेशावर वारंवार झालेल्या स्वाऱ्या, शेतीच्या जमिनीचा शोध, अशी कारणं अनेक होती. पण एक कारण या सगळ्यांहून निराळं होतं. काही ख्रिस्ती माणसं ख्रिस्ती न्यायालयाला भिऊन घर सोडून निघाली.

ते न्यायालय म्हणजे इन्क्विझिशन. 1560 साली ते गोव्यात सुरू झालं. 1774 मध्ये बंद झालं, चारच वर्षांत पुन्हा उघडलं आणि 1812 मध्ये कायमचं मिटलं. जुन्या गोव्यातल्या त्याच्या वाड्याला लोक ‘वोडलें घर’ म्हणत, म्हणजे मोठं घर. नाव उच्चारतानाही आवाज खाली येई. 1561 ते 1774 या काळात तिथे सोळा हजारांहून अधिक माणसांवर खटले चालले. त्यांत मोठा भाग नव्यानं ख्रिस्ती झालेल्या स्थानिकांचा होता. बाप्तिस्मा घेतल्यावरही आजी-आजोबांचे विधी गुपचूप करतात, हा त्यांच्यावरचा नेहमीचा आरोप.

कामकाजाची रीत अशी की आरोपीला तक्रारदाराचं नाव कळत नसे. कित्येकदा आरोपही सांगितला जात नसे. त्यानंच आठवून कबूल करायचं. शार्ल देलाँ हा फ्रेंच वैद्य 1673 मध्ये दमणला पकडला गेला, गोव्याच्या कोठडीत राहिला आणि 1676 च्या जानेवारीत त्याला जाहीर शिक्षा सुनावण्यात आली. युरोपात परतल्यावर त्यानं 1687 मध्ये पुस्तक छापलं, म्हणून त्या भिंतींआडचं बरंच काही जगाला कळलं. देलाँ परतला आणि लिहू शकला. बारदेशातल्या शेतकऱ्याला ते शक्य नव्हतं.

इन्क्विझिशनच्या 1736 च्या फर्मानात काय काय बसलं ते पाहिलं की माणसं का पळाली ते समजतं. अंगणात तुळस नको. नवरानवरीला तेल-हळद लावणं नको. लग्नात जुन्या ओव्या नकोत. धोतर-चोळी नको. हिंदूंसारखा बिनमिठाचा भात शिजवणंही नको. देवाच्या पावित्र्याची राखण करतो असं म्हणणारं न्यायासन भाताच्या मडक्यापर्यंत येऊन पोचलं होतं. शापोऱ्याची नदी ओलांडली की पेडणे लागे, आणि 1788 पर्यंत ते पोर्तुगीजांच्या हाती नव्हतं. पलीकडे सावंतवाडीच्या सावंतांचा मुलूख.

वोडल्या घराला भिऊन सावंतांच्या मुलखात शिरलेल्या ख्रिस्ती माणसाला धर्म सोडून द्यायची पूर्ण मोकळीक होती. तिथे कोणी विचारणार नव्हतं. तरीही या कुटुंबांनी क्रूस ठेवला, करेजम पाळला, पाद्र्यापुढे गुडघे टेकून कुमसार करण्याची रीतही सोडली नाही. करेजम म्हणजे ईस्टरआधीचे चाळीस दिवस, आणि कुमसार म्हणजे पापांची कबुली. एका न्यायासनापासून पळालेली माणसं दुसरं न्यायासन आपल्याबरोबर घेऊन आली. कोकणच्या ख्रिस्ती इतिहासातली ही सर्वांत विलक्षण गोष्ट आहे, आणि तिच्याकडे लक्ष मात्र फार थोडं गेलं आहे.

कुमसारही एक न्यायासनच. 1215 च्या लॅटरन धर्मसभेनं प्रत्येकाला वर्षातून निदान एकदा कबुली सक्तीची केली. 1551 मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेनं स्पष्ट सांगितलं की पाद्री इथे न्यायाधीशासारखा बसतो. मात्र या खटल्यात फिर्यादी, साक्षीदार आणि आरोपी एकच माणूस असतो. ऐकलेला शब्द पाद्र्यानं मरेपर्यंत बाहेर काढायचा नाही. मनापासून पश्चात्ताप असेल तर निकाल एकच, क्षमा. मिलानचे आर्चबिशप कार्लो बोरोमेओ यांनी सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडी चौकट आणि मधली जाळी यांची पद्धत रुळवली, ती पुढे जगभरच्या चर्चमध्ये गेली. जाळीच्या एका बाजूला माणूस, दुसऱ्या बाजूला कान.

ख्रिस्ती श्रद्धेत पावित्र्य, निवाडा आणि क्षमा या तीन वेगळ्या गोष्टी नाहीत, हे या जाळीपाशी कळतं. बायबलमध्ये यशया संदेष्ट्याला देवाचं दर्शन होतं तेव्हा तो आनंदत नाही, घाबरतो. आपले ओठ अशुद्ध आहेत, आता आपण संपलो, असं त्याला वाटतं. मग वेदीवरचा निखारा त्याच्या ओठांना लावला जातो आणि त्याचं पाप पुसलं जातं. ज्या पावित्र्यानं त्याला भिववलं तेच त्याला शुद्ध करतं. देवदूतांनी तिथे केलेला पावित्र्याचा त्रिवार घोष आजही मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, म्हटला जातो. वोडल्या घरानं निखाऱ्याची आग तेवढी उचलली. ओठ शुद्ध होऊन माणूस पुन्हा उभा राहतो, हा अर्धा भाग तिथे दिसेनासा झाला.

कबुली ऐकायची तर कबुली देणाऱ्याची भाषा यायला हवी. सुरुवातीच्या मिशनऱ्यांना दुभाषी लागत, आणि आपलं पाप तिसऱ्या माणसाकरवी सांगणं कुणाला जमणार? या अडचणीतून या किनाऱ्याच्या भाषांना मोठी देणगी मिळाली. 1579 मध्ये गोव्यात उतरलेले इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स गोव्यातल्याच साष्टीत आयुष्यभर राबले. त्यांची कोकणीतली धर्मशिकवण 1622 मध्ये आणि कोकणीचं व्याकरण 1640 मध्ये, दोन्ही त्यांच्या मृत्यूनंतर, साष्टीतल्या रायतूरला छापली गेली. त्याआधी 1616 मध्ये त्यांचं मराठी ‘ख्रिस्तपुराण’ निघालं होतं. देवनागरीचे खिळे नव्हते, म्हणून ते रोमन लिपीत छापलं. दहा हजार नऊशे बासष्ट ओव्या. पहिल्या पुराणात सृष्टी, आदामाचं पतन, जलप्रलय, म्हणजे देवाचा निवाडा. दुसऱ्यात ख्रिस्ताचा जन्म, वधस्तंभ आणि पुनरुत्थान, म्हणजे क्षमा. संतांच्या ओवीवर वाढलेल्या कानांना ही कथा परकी वाटली नाही.

यानंतर 1629 च्या सुमारास एतिएन द ला क्रुआ या फ्रेंच जेझुइटानं संत पीटरवर मराठी पुराण रचलं. या ग्रंथात इतर धर्मांवर कठोर टीका आहे, तिचं समर्थन करता येणार नाही. पण पुराणाचा नायक कोण, हे पाहण्यासारखं आहे. पीटर हा ख्रिस्ताला ओळखत नाही असं एका रात्रीत तीनदा म्हणाला, रडला, आणि त्यालाच क्षमा मिळून चर्चचा पाया मानलं गेलं. धाकानं नाकारणारा आणि मग परत येणारा माणूस, वोडल्या घराच्या सावलीत जगणाऱ्यांना किती जवळचा वाटला असेल!

राज्यसत्तेला मात्र ही भाषा खुपत राहिली. 1684 मध्ये व्हाइसरॉय आल्व्होरच्या काउंटनं तीन वर्षांत कोकणी सोडून पोर्तुगीज बोलायला लागा, असा हुकूम काढला. लोकांनी कोकणी सोडली नाही.

पोर्तुगीज सत्तेबाहेर ख्रिस्ती राहता येतं, हे गोव्यातल्या दिवाडीच्या मातेउश द काश्त्रु यांनी आधीच दाखवून दिलं होतं. गोव्याच्या आर्चबिशपनं या ब्राह्मण ख्रिस्ती तरुणाला दीक्षा नाकारली. ते थेट रोमला गेले, पाद्री झाले, 1637 मध्ये बिशप झाले आणि मग परतले. त्यांना गोव्यात नव्हे, विजापूरच्या मुलखात नेमलं होतं, म्हणून त्यांनी आदिलशाहीतल्या डिचोलीत ठाणं मांडलं. मुसलमान सुलतानाच्या राज्यात, हिंदू शेजाऱ्यांमध्ये, स्थानिक बिशपच्या हाताखाली कुमसार होऊ लागला आणि वोडल्या घराचा हात तिथे पोचत नव्हता. पोर्तुगीजांनी त्यांना शेवटपर्यंत त्रास दिला. 1677 मध्ये ते रोममध्ये वारले.

 विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशन वेंगुर्ल्यात आलं. त्यांच्या चर्चमध्ये कुमसाराची जाळी नव्हती. माणूस थेट देवापुढे कबुली देतो, मध्ये पाद्री नको, हा त्यांचा आग्रह. त्यांच्या दवाखान्याची ओळख मात्र सर्व धर्मांच्या घरांत पोचली.

कॅथलिकांकडे निवाड्याचा सूर मोठा बदलला तो दुसऱ्या व्हॅटिकन सभेनंतर, 1965 च्या पुढे. तोवर अंत्यविधीला काळी वस्त्रं असत आणि अंतिम न्यायाच्या दिवसाचं ते भयंकर लॅटिन गीत गायलं जाई. नव्या विधीत पुनरुत्थानाच्या आशेला पहिली जागा मिळाली आणि ते गीत मयताच्या मिस्सातून निघून गेलं. मिस्सा लोकांच्या भाषेत आला. 1973 च्या नव्या विधीनुसार, हवं तर जाळीऐवजी पाद्र्यासमोर बसूनही कबुली देता येऊ लागली.

12 मार्च 2000 रोजी करेजमातल्या रविवारी पोप दुसरे जॉन पॉल यांनी रोममध्ये चर्चच्या पापांची जाहीर कबुली दिली. सत्याच्या रक्षणासाठी म्हणून वापरलेल्या अन्याय्य मार्गांची कबुली कार्डिनल रात्झिंगर यांनी वाचली, आणि इन्क्विझिशनच्या जुन्या कचेरीचं नवं रूप असलेल्या खात्याचे ते तेव्हाचे प्रमुख होते. ज्या संस्थेनं कबुली घेतली, तिनंच कबुली दिली. त्या प्रार्थनेत गोव्याचं नाव नव्हतं. कुमसाराचा नियम असा की पाप नेमकं सांगावं. मोघम कबुली पुरत नाही. त्या नियमानं पाहिलं तर गोव्याची बाजू बाकी आहे. पण नेमकं सांगायचं तरी कशावरून? वोडल्या घराचं दप्तर 1812 नंतर जाळलं गेलं, खटल्यांच्या याद्या तेवढ्या उरल्या. पळून गेलेल्यांची यादी तर कोणीच केली नव्हती.

पाच वर्षांनी, 5 जुलै 2005 रोजी, तेच कार्डिनल सोळावे बेनेडिक्ट म्हणून पोप असताना पुणे धर्मप्रांताचं विभाजन झालं आणि सिंधुदुर्ग हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. त्याचं मुख्य ठिकाण म्हणून निवडलं गेलेलं शहर सावंतवाडी.