शस्त्रक्रियेपूर्वीचे अनुमान: तंजावूरच्या रुग्णनोंदी आणि पित्ताशयाची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया

तंजावूरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात सरफोजी राजे दुसरे (1777–1832) यांच्या काळातील नेत्ररुग्णांच्या नोंदी जपलेल्या आहेत. रुग्ण चाळीसहून अधिक असून सोबत डोळ्यांची चित्रेही आहेत. 1799 च्या तहानंतर राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला आणि राजांकडे तंजावूरचा किल्ला व भोवतालचा थोडा भाग उरला. मिशनरी श्वार्ट्झ यांच्याकडे शिकलेल्या या भोसले राजाने मग आपले लक्ष ग्रंथसंग्रह आणि वैद्यक यांकडे वळवले. धन्वंतरी महालात देशी वैद्यक आणि युरोपीय वैद्यक शेजारी शेजारी चालत असे. मोतीबिंदूच्या रुग्णांवरील उपचारांत डॉ. मॅक्बीन या इंग्रज डॉक्टरांचे साहाय्य होते.

विद्यार्थी येथे बहुधा विचारतात की शस्त्र प्रत्यक्ष राजाच्या हातात होते का. आपल्या विषयाच्या दृष्टीने तो प्रश्न दुय्यम आहे. रुग्ण आला तेव्हा डोळ्याची अवस्था काय होती आणि उपचारानंतर काय झाले, या दोन्ही गोष्टी एकाच रुग्णाच्या नावे लिहिल्या गेल्या, हे अधिक महत्त्वाचे. कोणत्या रुग्णाला शस्त्रक्रिया जड जाईल हे आधी सांगायचे, तर या दोन नोंदी शेजारी ठेवाव्या लागतात. फक्त बऱ्या झालेल्यांची यादी असेल तर तिच्यावरून अनुमान करता येत नाही.

तंजावूरच्या या कागदांपासून आजच्या शल्यचिकित्सेपर्यंत सरळ परंपरा आली, असे मात्र समजू नये. तीच गरज पुढे वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या अवयवाबाबत पुन्हा उभी राहिली.

पित्ताशय काढण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया कार्ल लांगेनबुख यांनी 1882 मध्ये बर्लिन येथे केली. पुढची सुमारे शंभर वर्षे पोटावर मोठा छेद घेऊनच हे काम होत राहिले. 1985 मध्ये जर्मनीच्या एरिक म्यूहे यांनी, तर 1987 मध्ये लियाँ येथे फिलिप मूरे यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढले. भारतात ही शस्त्रक्रिया 1990 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी केली. विकसनशील देशांतील ती पहिली मानली जाते. निदानासाठी पोटात दुर्बीण घालण्याचा त्यांचा अनुभव तेव्हा बऱ्याच वर्षांचा होता.

छेद लहान झाला, रुग्ण लवकर घरी जाऊ लागला. पण सर्जनचा हात पोटाबाहेर राहिला. बोटांनी चाचपून नलिका ओळखण्याची सोय गेली आणि सपाट पडद्यावरच्या चित्रावर भिस्त आली. मुख्य पित्तनलिकेला इजा होण्याचे प्रमाण सुरुवातीच्या वर्षांत वाढले. ही इजा क्वचितच होते, पण झाल्यास रुग्णाला कावीळ, पुन्हा मोठी शस्त्रक्रिया आणि कधी वर्षानुवर्षांचा त्रास भोगावा लागतो. त्यामुळे कोणता रुग्ण अवघड जाणार हे आधी ओळखण्याला महत्त्व आले.

2009 मध्ये इंडियन जर्नल ऑफ सर्जरी या नियतकालिकात रंधावा आणि पुजहारी यांनी 15 गुणांची एक पद्धत मांडली. वय 50 च्या वर असल्यास एक गुण, पुरुष असल्यास एक. वजन जास्त असणे, पोटावर जुन्या शस्त्रक्रियेचा व्रण, हाताला लागणारे पित्ताशय, यांचेही गुण आहेत. सोनोग्राफीत पित्ताशयाची भिंत 4 मिलिमीटर किंवा अधिक जाड दिसली तर दोन. एका बाबीला मात्र एकदम चार गुण आहेत: पित्ताशयाच्या तीव्र सुजेमुळे पूर्वी रुग्णालयात दाखल व्हावे लागले होते का? प्रत्येक सुजेनंतर आसपासचे भाग एकमेकांना चिकटतात आणि नलिका वेगळ्या करणे कठीण होते, म्हणून हा भार. पाचपर्यंत गुण म्हणजे सोपी शस्त्रक्रिया, सहा ते दहा म्हणजे अवघड, त्यापुढे अतिशय अवघड.

माझ्या मते या यादीतील सर्वांत बोलकी बाब हीच आहे, कारण ती यंत्राने कळत नाही. ती रुग्णाला विचारावी लागते, किंवा त्याच्या जुन्या कागदांत शोधावी लागते. पोटात दुखले की घरगुती उपाय करून दिवस काढणाऱ्या आणि डिस्चार्जचा कागद हरवून बसलेल्या रुग्णाचे हे चार गुण सहज निसटतात. मग कागदावर सोपा ठरलेला रुग्ण टेबलावर अवघड निघतो.

या गुणांची मर्यादाही लक्षात घ्यावी. ते शस्त्रक्रिया किती कठीण जाईल ते सांगतात. नलिका कापली जाईल की नाही, ते सांगत नाहीत. 2003 मध्ये वे आणि सहकाऱ्यांनी पित्तनलिकेच्या इजेची 252 प्रकरणे तपासली. बहुतेकांत मूळ कारण कौशल्याचा अभाव नव्हते, तर दृष्टिभ्रम होता: सर्जनला मुख्य नलिकाच पित्ताशयाची नलिका वाटली होती. स्ट्रासबर्ग यांनी 1995 मध्ये सांगितलेला नियम याच भ्रमावर उपाय आहे. पित्ताशयात जाणाऱ्या दोनच रचना स्पष्ट दिसल्या पाहिजेत आणि पित्ताशयाचा खालचा भाग यकृतापासून सुटा झालेला असला पाहिजे. तोवर काहीही कापायचे नाही. तसे दिसतच नसेल तर पोट उघडले जाते, किंवा पित्ताशयाचा काही भाग तसाच ठेवला जातो. गुण जास्त आलेल्या रुग्णाला ही शक्यता आदल्या दिवशीच सांगून संमतिपत्रावर त्याची सही घेता येते.