खार आणि बाव : एका स्थलनामाचा इतिहास

गावाचा इतिहास लिहायचा म्हटले की आपण प्रथम बखरी आणि दफ्तरे चाळतो. भिवंडी तालुक्यातील खारबावच्या बाबतीत या वाटेने फार दूर जाता येत नाही. वसई-दिवा लोहमार्गावर कामण रोड आणि भिवंडी रोड या स्थानकांच्या मध्ये असलेल्या या गावाचा सर्वांत बोलका दस्तऐवज, आमच्या मते, त्याचे नाव हाच आहे.

‘खार’ म्हणजे भरतीचे पाणी बांधाने अडवून लागवडीखाली आणलेली जमीन. ‘बाव’ म्हणजे विहीर. शब्द संस्कृत ‘वापी’पासून आलेला. तेव्हा खाऱ्या भूमीतली विहीर, असा या नावाचा अर्थ लावता येतो. स्थलनामांच्या व्युत्पत्तीत हौशी मंडळींनी पुष्कळ धुमाकूळ घातला आहे, म्हणून आम्ही त्याचा आग्रह धरीत नाही. भूगोल मात्र या अर्थाच्या बाजूने साक्ष देतो. दक्षिणेकडे उल्हास नदी वसईच्या खाडीत रूपांतर पावते आणि उत्तरेकडे कामणदुर्ग-तुंगारेश्वरचे डोंगर उभे आहेत.

खारीतली शेती हे अखंड राखणीचे काम आहे. मातीचा बांध भरती थोपवतो. त्यातली ‘उघाडी’ ओहोटीच्या वेळी आतले पाणी बाहेर सोडते आणि भरती चढताच मिटते. पावसाळ्याच्या आरंभीच्या सरी जमिनीतले मीठ धुऊन नेतात, मगच भात रुजते. उन्हाळ्यात तेच मीठ पुन्हा वर येते. म्हणून येथे ‘राता’सारखी क्षार सोसणारी लाल भाते. बांधाला खांड पडली तर एका रात्रीत शेत खाजण होते आणि ते पुन्हा गोडे व्हायला काही पावसाळे जावे लागतात. असा बांध एकट्या कुटुंबाच्या आवाक्यातला नव्हे. शासनाने खार जमिनींसाठी 1948 आणि 1979 साली कायदे केले. त्यापूर्वी कितीतरी पिढ्या ही राखण चालू होती.

राजकीय इतिहास येथे सीमेच्या रूपाने येतो. 1534 मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली, 1657 मध्ये कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांनी घेतली. खारबावचा परिसर या दोन मुलखांच्या मधला. 1737 ते 1739 च्या वसई मोहिमेसाठी खटपट करणाऱ्या गंगाजी नाईकांचे अंजूरही याच तालुक्यातले. गंमत अशी की 2014 मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाला तेव्हा कामण तिकडे गेले आणि खारबाव ठाण्यात राहिले. सीमेला या पट्ट्याची जुनी ओढ आहे, असे म्हणायचे!

आजची सीमा मात्र वेगळीच आहे. मुंबईची जकात 2017 पर्यंत होती. तिच्या हद्दीबाहेर, पण शहराच्या हाताशी, म्हणून भिवंडी तालुक्यात गोदामे वाढली, आणि जकात गेल्यावरही वाढतच राहिली. गोदामासाठी सखल जमिनीवर भराव पडतो. भराव पडला की पावसाचे पाणी मुरायला आणि पसरायला जागा उरत नाही, ते शेजारच्या शेतात साचते. शेत पडीक राहिले की बांधाची डागडुजी कोण करणार? बांधाबरोबर ‘उघाडी’ आणि ‘खांड’ हे शब्दही वापरातून जातात. मराठीच्या अभ्यासकांनी बोलींची टिपणे घेताना पोवाडे आणि ओव्यांबरोबर हे शब्दही लिहून घ्यावेत, आणि ते उघाडी स्वतःच्या हाताने चालवलेल्या माणसाकडून घ्यावेत. अशी माणसे अजून भेटतात.