भरीत, पऱ्हाट्या आणि नेपल्सची भट्टी

मागच्या डिसेंबरात ऑफिसातल्या एका मित्राला जळगावला नेलं. हा नुकताच ऑनसाइटवरून, इटलीतून परतलेला. नेपल्समधल्या टपरीवजा दुकानात उभ्याउभ्या खाल्लेल्या पिझ्झ्याच्या गोष्टी त्याने पुणे सोडल्यापासून मनमाडपर्यंत ऐकवल्या. म्हटलं, थांब लेका, तुला आमचं दाखवतो. (आम्ही मूळचे धुळ्याचे. १९०६ साली इंग्रजांनी खानदेशाचे दोन जिल्हे केले, पण भरिताच्या बाबतीत धुळेकरही गपचूप जळगावकडेच बघतो.)

भरीत सेंटर म्हणजे पत्र्याची शेड आणि प्लास्टिकच्या खुर्च्या. फिकट हिरवी, पांढऱ्या रेघांची, ही मोठ्ठी वांगी भाजायची, लाकडी बडगीत ठेचायची, वर मिरची-लसणाची फोडणी, शेंगदाणे, कांद्याची पात. टोमॅटो घातला तर आमच्याकडे त्याला भरीत म्हणत नाहीत. सोबत पुऱ्या, नाहीतर कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी आणि अख्खे उडीद एकत्र दळून केलेली.

मित्राने दोन घास खाल्ले आणि विचारलं, "यात तुमचं नक्की काय?" प्रश्न खवचट होता, पण बरोबर होता. मिरची आणि शेंगदाणा दोन्ही मूळचे अमेरिकेतले, कोलंबसानंतर इकडे आले. त्याच्या पिझ्झ्यावरचा टोमॅटोही तिकडचाच. वांगं मात्र आपल्या बाजूचं. ते इराणमार्गे अरबांकडे गेलं, अरबांनी सिसिलीत नेलं, आणि अरबी 'बादिंजान'चं इटालियनमध्ये 'मेलांझाना' झालं. हे ऐकून स्वारी जरा गप्प झाली.

पण मला भरितात सगळ्यात खानदेशी वाटतो तो त्याचा धूर. कापूस वेचून झाला की उरलेली वाळकी झाडं, म्हणजे पऱ्हाट्या. त्यांच्या जाळावर वांगं भाजलं की जो वास लागतो तो गॅसवर येत नाही, कितीही सांगा. आता गंमत बघा, त्या जाळालाही अमेरिकेचा हात लागलाय. कापूस इथे आधीही होताच, पण १८६१ मध्ये तिकडे यादवी युद्ध पेटलं, लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस अडला आणि इथले भाव आकाशाला भिडले. खानदेशात शेतंच्या शेतं कपाशीखाली गेली. त्याच दशकात जीआयपी रेल्वे भुसावळला पोचली. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळले, कपाशी मात्र राहिली. आणि दर हिवाळ्यात बांधावर फुकट जळणाचे ढीग.

२०१६ साली जळगावच्या भरीत वांग्याला जीआय मानांकन मिळालं. आम्ही सगळ्यांनी छाती फुगवून ती बातमी फॉरवर्ड केली. पुढच्याच वर्षी युनेस्कोने नेपल्सच्या पिझ्झा बनवणाऱ्यांची कला वारसा यादीत घेतली; म्हणजे पीठ मळायचा हात आणि लाकडाच्या भट्टीसमोरचं कसब. आमचं मानांकन वांग्याला आहे. ते कशावर भाजायचं, याबद्दल कुणाचंच काही म्हणणं नाही.

आणि नेमक्या त्याच २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात गुलाबी बोंडअळीने कपाशी पोखरली. बीटी बियाण्याला ती आता दाद देत नव्हती. अळी पऱ्हाट्यांमध्ये दडून पुढच्या हंगामापर्यंत टिकते, म्हणून ढीग रचू नका, शेतातच कुट्टी करून गाडा, असा सल्ला कृषी खातं देतं. सल्ला योग्यच आहे. ज्याचं पीक जातं त्याला माझ्या भरिताच्या वासाचं कौतुक कोण सांगणार?

निघताना शेडमागे डोकावलो. भिंतीला पऱ्हाट्यांच्या चार मोळ्या, बाजूला गॅसची शेगडी. मालकांना विचारलं, काका, काड्या कुठून आणता? म्हणाले, "भाच्याच्या शेतातून. पण तोही यंदा रोटाव्हेटर फिरवतो म्हणतोय."